सीवर्डना खरंच कुणी हसलं होतं का?

अलास्काचा विषय निघाला की ठरलेली गोष्ट ऐकू येते. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम सीवर्ड यांनी 1867 मध्ये रशियाकडून बर्फाचं ओसाड रान विकत घेतलं, सगळ्या देशाने त्यांना वेड्यात काढलं, पुढे तिथे सोनं निघालं आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. गोष्ट चटकदार आहे, म्हणूनच टिकली.

टिंगल झाली, पण ती काही वर्तमानपत्रांपुरती. बऱ्याच पत्रांनी सौद्याची बाजूच घेतली होती. सिनेटने 9 एप्रिलला करार 37 विरुद्ध 2 मतांनी मंजूर केला. देशभर हसं झालेल्या कराराला एवढी मतं पडत नाहीत. प्रतिनिधिगृहाने पैसे मंजूर करायला जुलै 1868 उजाडवला खरा, पण तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन आणि काँग्रेस यांच्यात हाडवैर पेटलेलं होतं, महाभियोगापर्यंत गेलेलं.

सीवर्डना घाई होती, हे मात्र खोटं नाही. 29 मार्चच्या संध्याकाळी ते घरी पत्ते खेळत होते. रशियाचे राजदूत स्टेकल झारची संमती आल्याचं सांगायला आले आणि सह्या उद्या करू म्हणाले. सीवर्डनी डाव तिथेच सोडला, रात्रीच कचेरी उघडायला लावली. पहाटे चारच्या सुमारास सह्या झाल्या. किंमत 72 लाख डॉलर, म्हणजे एकरी जेमतेम दोन सेंट.

आणि सोनं? 1896 मध्ये सापडलेलं प्रसिद्ध क्लोंडाइकचं सोनं कॅनडाच्या हद्दीतलं! अलास्कातल्या नोमची झुंबड त्यानंतरची. रशियात आणखी एक अफवा चालते, की कॅथरीन राणीने अलास्का विकलं. ती 1796 मध्येच वारली होती. विकणारा झार दुसरा अलेक्झांडर.

मला सर्वांत खटकतो तो गैरसमज वेगळाच: सीवर्ड म्हणजे फक्त अलास्का. हे गृहस्थ न्यूयॉर्कचे गव्हर्नर होते, सिनेटर होते, गुलामगिरीचे कडवे विरोधक होते. लिंकनची हत्या झाली त्याच रात्री त्यांच्यावरही घरात घुसून चाकूहल्ला झाला. पण त्यांची मुत्सद्देगिरी पाहायची तर 1861 कडे वळावं. अमेरिकी आरमाराने ‘ट्रेंट’ या ब्रिटिश जहाजावरून दक्षिणेचे दोन दूत पकडले आणि ब्रिटन युद्धाची भाषा बोलू लागलं. घरात यादवी सुरू असताना दुसरं युद्ध परवडणारं नव्हतं. सीवर्डनी दूत सोडले, पण उत्तर असं लिहिलं की माघार अमेरिकेची नव्हेच. तटस्थ जहाजांच्या हक्काचं अमेरिकेचं जुनं म्हणणं ब्रिटननेच जणू आता मान्य केलं होतं.