वर्षानुवर्षं पचलेली अळिंबीही घात करते

पावसाळा लागला की रानातली अळिंबी खाऊन विषबाधा झाल्याची बातमी कुठून ना कुठून येतेच. त्यावर ठरलेला सवाल असतो: 'आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खातात, मग आजच काय झालं?' त्याचं उत्तर पॅक्सिलेसी कुळातल्या पॅक्सिलस इनव्होल्युटस या अळिंबीकडे आहे.

युलिउस शेफर हे जर्मनीतले नाणावलेले अळिंबीतज्ज्ञ. रुसुला प्रजातीवर त्यांचा अधिकार. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांनी आणि पत्नीने हीच अळिंबी शिजवून खाल्ली. तासाभरात शेफर यांना उलट्या, जुलाब, ताप सुरू झाला. सतरा दिवसांनी मूत्रपिंडं निकामी होऊन ते गेले. त्यांची ओळख चुकली नव्हती. नीट शिजवली की ही अळिंबी चालते, असं तेव्हा युरोपात सर्रास मानलं जाई. पुढे कारण कळलं. पुन्हा पुन्हा खाल्ल्यावर एखाद्याचं शरीर तिच्यातल्या एका घटकाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि मग एखाद्या जेवणानंतर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात. म्हणजे आधी कितीदा पचली याला काही अर्थच उरत नाही. चांदीचा चमचा काळा पडतो का, किडे खातात का, या परीक्षा तर त्याहून पोकळ.

दिसण्यावर विसंबून शास्त्रज्ञही फसले होते. छत्रीखाली पापुद्रे असलेल्या अळिंब्या एका बाजूला, स्पंजासारखी छिद्रं असलेल्या बोलेट दुसऱ्या बाजूला, अशी जुनी वाटणी. पॅक्सिलसला पापुद्रे आहेत, पण अंगठ्याने दाबले की ते बोलेटच्या नळ्यांप्रमाणे सहज सुटून येतात. डीएनएने हे नातं पक्कं केलं: गण एकच, बोलेटेलीस.

मग आमच्या मंगळवेढ्यात पॅक्सिलस का भेटत नाही? पॅक्सिलसला बर्च, पाइन, ओक अशा झाडांच्या मुळांची सोबत लागते. इथल्या काळ्या रानातल्या बाभळी-लिंबाचा तसा संसार नाही. मालदांडी ज्वारीच्या मुळांतही बुरशी राहते आणि पिकाला स्फुरद पुरवते, पण ती वेगळ्या घराण्यातली, तिला छत्री येतच नाही. नीलगिरीच्या मुळांशी मात्र पायसोलिथस जमतो. तो बोलेटच्याच गणातला, पण त्याला ना पापुद्रे, ना छत्री.

तेव्हा बांधावर उगवलेली छत्री पॅक्सिलस नसणार. पण तेवढ्यावरून ती खाण्याजोगी ठरत नाही. खाऊन त्रास झालाच तर घरगुती उतारे करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा आणि उरलेला तुकडा कागदात गुंडाळून सोबत न्या. काही विषारी जातींत उलट्या थांबून बरं वाटू लागतं, आणि यकृताची हानी त्याच वेळी सुरू असते.