चोरीला गेलेल्या कुत्र्याचा माग

पाळलेला कुत्रा कायद्याच्या लेखी जंगम मालमत्ता आहे. माणूस पळवला तर ते अपहरण, कुत्रा पळवला तर चोरी. सायकल, शेळी आणि कुत्रा तिन्ही एकाच कलमाखाली येतात. त्यातही कुत्र्याचा मान असा, की त्याचं नाव खुद्द कलमात आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरीची व्याख्या समजावताना दिलेल्या उदाहरणांतलं दुसरंच कुत्र्याचं होतं. खिशात आमिष ठेवून दुसऱ्याच्या कुत्र्याला मागे यायला लावलं आणि मनात तो लांबवायचा हेतू असेल, तर कुत्रा मागे चालू लागताक्षणी चोरी झाली. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येही हे उदाहरण आहे. ‘आम्ही कुठे नेला, तोच मागे आला’ ही सबब त्यामुळे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच निकालात निघालेली आहे.

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत अशी चोरी पचायला सोपी जाते, याला इथली राहणी कारण आहे. नेरळ, कशेळे, कडाव, चौक या पट्ट्यात मुंबई-पुणेकरांची फार्महाऊसं आहेत. मालक शनिवार-रविवारी येतो; बाकीचे दिवस कुत्रा राखणदाराच्या कुटुंबाकडे असतो. तोच त्याला भाकरी घालतो, तोच रात्री सोडतो. गुरुवारी कुत्रा गेला, तर राखणदार आधी दोन दिवस ‘येईल परत’ म्हणून वाट पाहतो, मग भीत भीत फोन करतो. तेवढ्या अवधीत कुत्रा कुठल्या कुठे जातो. खालापूरजवळून द्रुतगती मार्ग जातो, कर्जतहून एक रस्ता मुरबाडला आणि दुसरा चौकमार्गे पनवेलकडे निघतो, शिवाय दिवसभर लोकल असतात.

पण कुत्रा दिसेनासा झाला म्हणजे चोरीलाच गेला, असं नाही. हा भाग सह्याद्रीच्या पायथ्याचा आहे आणि माथेरान-भीमाशंकरच्या रानांतून बिबट्याचा वावर आहे. बिबट्याला कुत्रा आवडतो, हे गावात कोणीही सांगेल. अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासातही तिथल्या बिबट्यांच्या खाद्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचाच निघाला. दिवाळीत आणि ३१ डिसेंबरच्या रात्री फटाक्यांना घाबरून कुत्रे सैरावैरा पळतात. माजावर आलेल्या कुत्रीमागे गेलेला नर दोन-तीन दिवसांनी थकून परततो. अंगणात रक्त किंवा फरपटल्याच्या खुणा असतील तर वन विभागाला कळवायला हवं. उलट साखळी कापलेली असेल, पट्टा सोडून ठेवलेला असेल, फाटक उघडं असेल किंवा कुत्रा एरवी अनोळखी माणसावर तुटून पडणारा असूनही रात्री कोणालाच भुंकणं ऐकू आलं नसेल, तर चोरीचा संशय रास्त ठरतो. असा संशय आला की पहिला बळी बहुधा राखणदाराचा जातो, किंवा शेजारच्या आदिवासी वाडीकडे बोट दाखवलं जातं. पुराव्याशिवाय केलेला हा आरोप अन्यायाचा तर असतोच, वर शोधाचंही नुकसान करतो. कारण रात्री कोणती गाडी कुठल्या रस्त्याने गेली, हे सांगू शकणारी माणसं हीच असतात.

तक्रार कुठे द्यायची, हे ठिकाणावर ठरतं. कर्जत तालुक्यात कर्जत, नेरळ आणि माथेरान, तर खालापूर तालुक्यात खालापूर, खोपोली आणि रसायनी ही पोलीस ठाणी आहेत. हद्द माहीत नसेल तरी अडत नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ती शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. ठाणे शहरात किंवा पुण्यात राहणाऱ्या मालकाला त्यासाठी शनिवारची वाट पाहावी लागत नाही. शिवाय फिर्यादी मालकच असायला हवा, असंही नाही. चोरी होते ती ताब्यातून, आणि ताबा राखणदाराकडे होता. तो फिर्याद देऊ शकतो.

खरी मेख पाच हजार रुपयांची आहे. चोरीच्या मालाची किंमत त्याहून कमी असेल, तर साधी चोरी आता अदखलपात्र ठरते. ठाण्यात ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र नोंद होते आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्डची किंमत सहज यापुढे जाते. तेव्हा अर्जात ती आकड्यात लिहावी आणि खरेदीची पावती जोडावी. गावठी कुत्र्याला मात्र बाजारभावच नसतो, आणि कायद्याचा हा भाग त्याच्या बाबतीत फारच कोरडा आहे. एक वाट उरते. राहत्या घरातून चोरी झाली असेल तर न्याय संहितेचं कलम ३०५ लागतं, ज्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि किमतीची अट नाही. कुत्रा घरातून नेला की मोकळ्या अंगणातून, हे फिर्यादीत स्पष्ट यायला हवं ते यासाठी. नोंद घ्यायला नकार मिळाला, तर खबर लेखी स्वरूपात अलिबागला जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. ऑगस्ट २०१२ मध्ये रायगड किल्ल्यावरचा वाघ्या कुत्र्याचा पुतळा उखडला गेला, तेव्हा तो शोधून काही दिवसांत पुन्हा चौथऱ्यावर बसवला गेला होता. जिवंत कुत्र्याच्या वाट्याला एवढी यंत्रणा क्वचितच येते, म्हणून मालकाच्या हातातला कागद पक्का असावा लागतो.

‘काळा लॅब्रेडॉर, नाव ब्रूनो, चार वर्षांचा’ एवढ्या वर्णनाने काहीच सिद्ध होत नाही. असे कुत्रे दर दुसऱ्या फार्महाऊसवर आहेत आणि हाकेला शेपूट सगळेच हलवतात. उपयोगी पडतं ते असं वर्णन: छातीवर बोटभर पांढरा पट्टा, उजव्या कानाच्या टोकाला खाच, डाव्या मागच्या मांडीवर टाक्यांचा जुना व्रण, खालचा एक सुळा अर्धा तुटलेला. यातली एखादी खूण जाहिरातीत मुद्दाम लिहू नये. फोन करणारा खरा की खोटा, हे तिच्यावरून कळतं. रेबीजच्या लसीचं कार्ड, पशुवैद्यकाची बिलं, केनेल क्लबचं प्रमाणपत्र आणि लहानपणापासूनचे फोटो हा पुरावाच आहे. सर्वांत भक्कम मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी ही काचेची नळी खांद्यांच्या मधोमध कातडीखाली टोचतात. तिच्यात १५ अंकी क्रमांक असतो. ती कुत्रा कुठे आहे हे सांगत नाही. क्रमांक वाचणारं यंत्र जवळ धरलं तर तो कोण, एवढंच सांगते. तंट्याच्या वेळी तेच पुरतं. मध्य प्रदेशात होशंगाबादला २०२० मध्ये एकाच लॅब्रेडॉरवर दोघांनी हक्क सांगितला. कुत्रा दोघांनाही ओळख देत होता. शेवटी पोलिसांना त्याची डीएनए चाचणी करवून घ्यावी लागली.

गुन्हा नोंदवून घरी बसून चालत नाही. फाट्यावरची दुकानं, पेट्रोल पंप, शेजारचे बंगले यांच्या सीसीटीव्हीतलं जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, त्यामुळे ते पहिल्या दिवशीच मागावं. टोलनाक्याचं चित्रण पोलिसांमार्फतच मिळतं. कर्जत, खोपोली आणि माथेरानच्या नगरपरिषदा आणि खालापूरची नगरपंचायत यांच्याकडेही विचारावं, कारण निर्बीजीकरणासाठी भटके कुत्रे उचलताना पट्टा नसलेला पाळीव कुत्रा गाडीत जाऊ शकतो. समाजमाध्यमांवर फोटो टाकताना ‘कर्जत, जि. रायगड’ असं लिहिणं अगत्याचं आहे; अहिल्यानगर जिल्ह्यातही कर्जत आहे आणि निम्मे फोन तिकडून येतात. जातिवंत मादी चोरली असेल, तर ती पिल्लांसाठी वापरली जाण्याची शक्यता मोठी. अशा वेळी पनवेल-कल्याणपर्यंतचे ब्रीडर, पाळीव प्राण्यांची दुकानं आणि ऑनलाइन विक्रीच्या जाहिराती काही महिने पाहत राहावं लागतं.

बक्षीस जाहीर केलं की फोन सुरू होतात, आणि त्यांतले बरेच लबाडांचे असतात. ‘कुत्रा लोणावळ्यात आहे, गाडीभाड्याचे दोन हजार आधी पाठवा’ हा ठरलेला साचा. अशा वेळी त्याच क्षणी व्हिडिओ कॉलवर कुत्रा दाखवायला सांगावं आणि लपवलेली खूण विचारावी. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावं. दुसरा प्रकार मध्यस्थाचा. तो चोर नसतो, पण चोर त्याला ठाऊक असतो. ‘दहा हजार द्या, कुत्रा आणून देतो, पोलिसांत मात्र जाऊ नका.’ हा धंदा जुना आहे. कवयित्री एलिझाबेथ बॅरेटचा फ्लश हा कुत्रा लंडनमधल्या टोळीने १८४६ मध्ये पळवला, तेव्हा तिने स्वतः त्या वस्तीत जाऊन खंडणीची बोलणी केली होती. न्याय संहितेच्या कलम २५२ नुसार, चोराला पकडून देण्यासाठी होईल तेवढे प्रयत्न न करता चोरीचा माल परत मिळवून देण्याचे पैसे घेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. कुत्रा खरोखर रस्त्यात सापडलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जाहीर केलेलं बक्षीस तो हक्काने मागू शकतो, प्रसंगी दावाही लावू शकतो.

कुत्रा एखाद्या आवारात दिसला, तर कुंपण ओलांडून तो सोडवून आणण्याचा मोह आवरावा. तसं करणारा स्वतःच अतिक्रमणाच्या गुन्ह्यात अडकू शकतो. रस्त्यावरून व्हिडिओ घ्यावा आणि ११२ वर फोन करावा. चोरीचा माल दडवलेल्या जागेच्या झडतीचं वॉरंट दंडाधिकारी देऊ शकतात. ‘मी पैसे मोजून घेतला’ असं सांगणाऱ्यालाही कुत्रा ठेवून घेता येत नाही, कारण विकणाराच मालक नसेल तर घेणाऱ्याला मालकी मिळत नाही. त्याने आपले पैसे विकणाऱ्याकडून वसूल करायचे. माल चोरीचा आहे हे ठाऊक असून घेतला असेल, तर तोही आरोपी.

पोलिसांनी पंचनामा करून ताब्यात घेतलेला कुत्रा कागदोपत्री ‘मुद्देमाल’ होतो, पण त्याला ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत कुलूपबंद करता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, यासाठी तरतूद आहे. न्यायालयात नेणं किंवा नीट सांभाळणं अवघड अशी वस्तू पोलीस बंधपत्र घेऊन एखाद्याच्या ताब्यात देऊ शकतात. नाहीतर मालकाने न्यायालयात सुपूर्दनाम्यासाठी, म्हणजे तात्पुरता ताबा मिळण्यासाठी, अर्ज करायचा, सोबत लसीचं कार्ड, पावती आणि फोटो. आदेश झाला की कुत्रा घरी येतो, मात्र खटल्याचा निकाल लागेपर्यंत तो विकता किंवा कोणाला देता येत नाही आणि बोलावलं की हजर करावा लागतो. घरी आणल्यावर त्याला आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावं. मधल्या काळात तो कुठे होता, त्याला कोण चावलं, हे कळायला मार्ग नसतो. रेबीजची लस पुन्हा द्यायची की नाही आणि घरातल्या इतर जनावरांपासून किती दिवस वेगळा ठेवायचा, हे तिथे तपासून ठरतं.