गाणं कुणाचं, गुण कुणाचे?

पनवेल तालुक्यात एखाद्या गावी भजनस्पर्धा ठरली, की पहिला प्रश्न निघतो : परीक्षक कुठला? तो भाग घेणाऱ्यांपैकी कुणाच्या गावचा असला, की निकालाआधीच कुजबुज सुरू होते. हाच पेच युरोपातही पडला होता.

एकच कार्यक्रम एकाच वेळी अनेक देशांत दाखवता येतो कां, हे अजमावण्यासाठी तिथल्या रेडिओ-टेलिव्हिजन संस्थांच्या संघानं गाण्यांची स्पर्धा योजली. ती युरोव्हिजन. पहिली स्पर्धा २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो शहरी झाली. देश सात, गाणी चौदा. परीक्षकांना स्वतःच्या देशालाही गुण देण्याची मुभा होती. यजमान स्वित्झर्लंड जिंकला. पण कुणाला किती गुण, ते जाहीर झालंच नाही.

१९५७ पासून रीत बदलली. आपल्या देशाला मत द्यायचं नाही आणि गुण सर्वांसमक्ष पुकारायचे. १९७५ पासून १२, १०, मग ८ ते १ असे ठरीव गुण आले. सगळ्यांनाच शून्य देण्याची सोय राहिली नाही. शेजाऱ्याला झुकतं माप आजही मिळतं. पण ते लपत नाही.

गुरुजी आणि बाई, समूहगीतांच्या स्पर्धेत हे करून पाहा. प्रत्येक शाळेचा एक परीक्षक बसवा. त्यानं आपली शाळा सोडून इतरांना असे ठरीव गुण द्यावेत आणि ते फळ्यावर मांडावेत. प्रत्येक शाळेचा एकेकच परीक्षक वगळला जातो, म्हणून अन्याय कुणावरच नाही. हरलेल्या मुलांनाही मग हिशेब कळतो, आणि पुढल्या वर्षी गायला त्यांचा हुरूप टिकतो.