उंच बॉनेटची जीप भंगारात देण्याआधी

गोठ्याशेजारी, शेडच्या कडेला, एखादी जुनी पेट्रोल जीप अजूनही उभी दिसते. पत्रा गंजलेला, मागच्या फळीवर कोंबड्या बसलेल्या. भंगारवाला दारावरून जातो आणि घरात बोलणे निघते, की सुटे भागच मिळत नाहीत, तर देऊन टाकू. वाचकहो, देण्याआधी थोडे थांबा.

ही उंच बॉनेटची जीप मूळ अमेरिकेतल्या विलीज कंपनीची, १९५३ सालची घडण. आपल्याकडे महिंद्रने ती पुढे कित्येक वर्षे बनवली. बॉनेट उंच, कारण आतले हरिकेन इंजिनच उंच. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. हे ठाऊक नसलेला तरुण मिस्त्री वरचे झाकण उघडतो, निम्मेच टॅपेट लावतो आणि "इंजिन संपले" म्हणून मोकळा होतो. त्याला बाजूचे झाकणही उघडायला सांगा. तसेच या गाडीचे नटबोल्ट इंची मापाचे आहेत. मिलिमीटरचा बोल्ट दामटून बसवला, की आटे गेलेच.

आता सुट्या भागांचे. दुकानात गाडीचे नाव सांगितले, तर "आता येत नाही" असेच ऐकू येणार. नाव नको, माप सांगा. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. तो रॉकेलने पुसून वाचा आणि बेअरिंगच्या दुकानात जा. ऑइल सीलची मापे तीन: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. बुश तर तालुक्याच्या लेथवरही होतो, पण त्यासाठी टर्नरच्या हातात नमुना हवा. म्हणून काढलेला भाग, फुटका असला तरी, फेकू नका. इथे नाहीच जमले, तर दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारात चौकशी करावी. तिथेही आधी नंबरच विचारतील.

ब्रेकच्या बाबतीत मात्र जुगाड चालायचा नाही. ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल ओतणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. त्याने आतली रबरे फुगतात आणि उतारावर पेडल खाली जाते. मागे बसलेली पोरेबाळे आपलीच असतात!

आणखी एक गोष्ट आपल्या उसाशी निगडित आहे. आता पंपावर मिळते त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उसाला त्यामुळे गिऱ्हाईक मिळाले हे खरे, पण जुन्या गाडीचे रबरी पाईप आणि पेट्रोल पंपातला पडदा त्याने मऊ पडून झिरपू लागतात. गरम एक्झॉस्टवर पेट्रोल ठिबकले तर आग लागायला वेळ लागत नाही. इथेनॉल सोसणारे पाईप आणि पडदा मागून घ्या. शिवाय इथेनॉल पाणी ओढते, तेव्हा पावसाळाभर टाकीत जुने पेट्रोल ठेवून गाडी उभी करू नका.

कागदपत्रेही पाहा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. इंजिन बदलायचे असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्या. आणि रंग देणाऱ्याला बजावा, की चॅसिसवरचा नंबर घासू नकोस. तो एकदा गेला, की चालती गाडीही दारातच उभी राहते.