बोटीचा पंखा काढताना नट पूर्ण का सोडायचा नाही?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि हंगामात रखडलेली दुरुस्ती उरकली जाते. त्यात पंखा, म्हणजे प्रोपेलर काढण्याचं कामही असतं. पातं वाकलेलं असतं, नाहीतर शाफ्ट तपासायचा असतो. नट काढला की पंखा हातात येईल, असं वाटतं. तो येत नाही. मग घण निघतो, गॅसची नळी निघते आणि धोका इथूनच सुरू होतो.

इंजिन बोटीच्या आत असेल, तर शाफ्टचं टोक सहसा निमुळतं असतं. प्रचलित प्रमाण १:१०, म्हणजे दर १० मिलिमीटर लांबीमागे जाडी १ मिलिमीटरने कमी होते. नट आवळला की पंखा या उतारावर चढतो आणि पाचरीसारखा रुतून बसतो. खाचेत चावीही असते, पण मुख्य पकड या निमुळत्या बैठकीची. ही पाचर हळूहळू सुटत नाही. मोठा आवाज होऊन झटक्यात सुटते. समोर नट नसेल, तर जड पंखा थेट मागे उडतो. म्हणून नट काही फेरेच सैल करायचा, मध्ये थोडी फट ठेवायची आणि तो तसाच राहू द्यायचा. हाच नट पंख्याला अडवतो. तरीही पंख्याच्या सरळ रेषेत मागे कुणी उभं राहायचं नाही.

योग्य हत्यार म्हणजे पुलर. एक जाड पोलादी पट्टी पंख्याच्या बोटीकडच्या बाजूला, दुसरी शाफ्टच्या टोकावर आणि दोन्ही जोडणारे लांब बोल्ट. बोल्ट आळीपाळीने, पाव-पाव फेरा आवळायचे. एकाच बाजूने आवळत गेलं तर पट्टी तिरकी होते. ताण आला की थोडं थांबायचं, मग पुन्हा पाव फेरा. कंटाळवाणं आहे, पण शाफ्टच्या टोकावर घण मारला तर तो धक्का थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बसतो, आटेही चेपतात.

गॅसने तापवणं त्याहून वाईट. पंख्याच्या मधल्या भागात पोकळी असू शकते. तिच्यात अडकलेलं ग्रीस किंवा पाणी तापून दाब वाढला, तर तो भाग फुटू शकतो. शेजारचं रबरी बेअरिंगही जळतं. ऊब द्यायचीच असेल, तर उकळत्या पाण्यात भिजवलेली फडकी पंख्याभोवती गुंडाळणं जास्त बरं.

हे सगळं करण्याआधी इंजिनची किल्ली काढून बॅटरीची तार सोडायची, बोटीखालचे ठोकळे तपासायचे आणि पंख्याखाली आधार द्यायचा.

मागे टांगलेल्या आउटबोर्ड इंजिनात बैठक सहसा निमुळती नसते, दातेरी असते. तिथे काम सोपं. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवायचा, इंजिन बंद करणारी दोरी काढायची, पातं फिरू नये म्हणून लाकडी ठोकळा अडकवायचा आणि मग पाना लावायचा. वॉशर कोणत्या क्रमाने निघाले याचा मोबाइलवर फोटो काढलेला बरा. कॉटर पिन मात्र दर वेळी नवी घालायची. आणि पंख्यामागे शाफ्टला नायलॉनचा धागा गुंडाळलेला नाही ना, तेही बघायचं. तो सील कापतो आणि गिअरच्या तेलात पाणी शिरतं.