केबिनवरचे पाच दिवे
रस्त्यावरचा उजेड : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण ट्रेलरच्या मागच्या दिव्यांची जोडणी पाहिली. आज गाडीच्या माथ्यावर चढू. अमेरिकेत फोर्ड एफ-३५०, रॅम ३५०० अशा दणकट पिकअपच्या केबिनवर, काचेच्या वरच्या कडेला, अंबर रंगाचे पाच छोटे दिवे ओळीने दिसतात. अनेक जण ते हौसेने बसवून घेतात, पण मुळात त्यांना काम नेमून दिलेलं आहे.

अमेरिकेच्या वाहनसुरक्षा मानक क्रमांक १०८ नुसार ८० इंच, म्हणजे सुमारे २०३ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद असलेल्या ट्रकला हे दिवे सक्तीचे आहेत. मधले तीन दिवे ‘मोठी गाडी येते आहे’ अशी ओळख देतात. त्यांच्या केंद्रांमधलं अंतर ६ ते १२ इंच असावं लागतं. दोन टोकांचे दिवे रुंदीचा अंदाज देतात. पुढे अंबर, मागे लाल. मागच्या ॲक्सलला दोन्ही बाजूंनी जोडचाकं असलेल्या ‘ड्युअली’ पिकअप या मर्यादेच्या पलीकडे जातात, म्हणून त्यांच्यावर हे दिवे कारखान्यातूनच येतात. फोर्डच्या रुंद एफ-१५० रॅप्टरच्या जाळीतले तीन अंबर दिवेही याच नियमामुळे आहेत. बाकीच्या पिकअपचे मालक ते बाजारातून आणून बसवतात, आणि खरा प्रश्न तिथे सुरू होतो.

हे काम वायरमनचं आहे असं वाटतं. माझ्या मते ते त्याहून जास्त पाणी अडवण्याचं काम आहे. अनेक संचांमध्ये प्रत्येक दिव्याला तीन भोकं लागतात : दोन स्क्रूची, एक वायरीचं. म्हणजे धडधाकट छताला एकूण पंधरा भोकं. वायर चुकली तर पुन्हा जोडता येते. भोक चुकलं तर पत्रा पहिल्यासारखा होत नाही.

सुरुवात आतून करायची. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची आणि गाडीच्या माहितीपुस्तिकेत सांगितला असेल तेवढा वेळ थांबायचं, कारण काचेच्या बाजूच्या खांबांत आणि छताच्या कडेला पडदा-एअरबॅग असते. मग सनव्हायजर, हँडल, खांबांची कव्हरं काढून छताचं अस्तर पुढून खाली घ्यायचं. आतली आडवी पट्टी, सनरूफ असेल तर त्याच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, आधीच्या वायरी हे सगळं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नये. नवी वायर एअरबॅगच्या पुढून कधीही ओढू नये. फुगताना तिला कसलाही अडथळा चालत नाही.

छतावर मास्किंग टेप लावून मध्यरेषा काढायची आणि दोन्ही बाजूंची मापं तिच्यापासून घ्यायची. पंचाने खूण, मग सुमारे ३ मिलिमीटरचं पायलट भोक, मग स्टेप ड्रिलने हवं तेवढं मोठं. ड्रिल फार खोल जाऊ नये म्हणून बिटलाही टेपची खूण करावी.

पुढची दहा मिनिटं सगळ्यात मोलाची. भोकाच्या काठावर बोट फिरवण्याऐवजी बारीक कानस फिरवा. उभे राहिलेले धातूचे काटे वायर कापतात आणि रबर फाडतात. छतावर सांडलेला लोखंडाचा कीस लगेच पुसा, नाहीतर पावसाने भिजून रंगावर तांबूस ठिपके उमटतात. उघड्या काठाला प्रायमर आणि रंग लावून तो पूर्ण वाळू द्या. फोर्डच्या सुपर ड्यूटी मालिकेचं केबिन २०१७ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमचं आहे. तिथे लाल गंज चढत नाही, पण मिठाच्या पाण्यात पोलादी स्क्रू आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांत हा धोका खरा आहे. म्हणून संचासोबतचेच स्क्रू वापरा. वायरीच्या भोकात रबरी ग्रोमेट, दिव्याखाली गॅस्केट, स्क्रूभोवती सीलंट. स्क्रू करकचून आवळले तर प्लास्टिक तडकतं आणि गॅस्केट एका बाजूने उचललं जातं.

विजेचं गणित सोपं आहे. १९४ क्रमांकाचा जुना बल्ब ०.२७ अँपिअर घेतो. पाच मिळून १.३५ अँपिअर. एलईडी याहून बरेच कमी घेतात, मात्र त्यांची प्लस-मायनस उलटी जोडून चालत नाही. दिवे पार्किंग लाइटसोबत लागले पाहिजेत. नव्या गाड्यांत त्या वायरीवर संगणकाची नजर असते, म्हणून थेट टोचण्याऐवजी उत्पादकाने दिलेली जोडणी किंवा फ्यूज लावलेला रिले वापरावा. अर्थिंग रंग खरवडलेल्या धातूवर घट्ट बसवावं.

भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं. त्यामुळे इथे पिकअपवर असा प्रयोग करायचा असेल तर आधी आरटीओत विचारा.

शेवटची विनंती. सीलंट वाळल्यावर, अस्तर परत चढवण्याआधी, छतावर नळीने पाणी सोडा आणि आत बसून प्रत्येक भोकाखाली कोरडा कागद धरा. एकही कागद ओला झाला तर तो दिवा उतरवून पुन्हा बसवा. ही चाचणी झाल्याशिवाय काम पूर्ण झालं असं समजू नका आणि फिटरला समजू देऊ नका.

(क्रमशः)