मोबाइल दुरुस्तीला देताय? सहीआधी हे बघा

शनिवारी संध्याकाळी एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानात सर्व्हिस काउंटरवर तोबा गर्दी होती. माझ्यापुढच्या काकूंनी घाईघाईत मोबाइल दिला, सही केली आणि निघाल्या. जॉबशीटवर फक्त 'डिस्प्ले खराब' एवढंच! मी स्वतः मोबाइल दुरुस्त करतो, त्यामुळे राहवलं नाही. त्यांना थांबवून जे सांगितलं, तेच इथे लिहितोय.

१. देण्याआधी *#०६# डायल करा. स्क्रीनवर येणारा १५ अंकी आयएमईआय नंबर जॉबशीटवरच्या नंबरशी जुळवून बघा.

२. तक्रार नेमकी लिहून घ्या. 'चार्जिंगला लावला की स्क्रीनवर हिरवी रेघ येते' असं सविस्तर. आधीचे ओरखडे, तडेही नोंदवून घ्या आणि फोटो काढून ठेवा.

३. बॅकअप घ्या. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या.

४. बऱ्याच मोबाइलमध्ये सिमच्या खाचेत एक छोटा पांढरा स्टिकर असतो. पाणी लागलं की तो लाल किंवा गुलाबी होतो, आणि मग वॉरंटी सहसा नाकारली जाते. तो काउंटरवर तुमच्यासमोरच बघायला सांगा.

५. अंदाजे खर्च आणि तारीख लेखी घ्या. वॉरंटीबाहेरचं काम असेल, तर बदललेला जुना पार्ट परत मिळेल का, तेही आधीच विचारा.

एवढं करूनही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. मराठीतही बोलता येतं.

मागे कितीही रांग असो, जॉबशीट वाचायला वेळ घेणं हा तुमचा हक्क आहे.

काही शंका असेल तर खाली बिनधास्त विचारा. मॉडेल आणि तक्रार लिहा, जमेल तसं उत्तर देतो.